विश्लेषण : लोखंडाला गंज चढतो म्हणजे नेमके काय होते?

वसमतच्या हळद कुकरपासून औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या ‘लायगो’च्या नळ्यांपर्यंत, लोखंडाचे आणि ऑक्सिजनचे नाते सगळीकडे सारखेच. मग एक वस्तू दोन पावसाळ्यांत खंगते आणि दुसरी पन्नास वर्षे टिकते, ती कशामुळे? आणि गंजाचा खरा धोका नेमका कुठे असतो?

हिंगोली जिल्ह्यात हळदीची शिजवणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान चालते. त्या काळात हळद शिजवण्याचे कुकर एका शेतातून दुसऱ्या शेतात रात्रंदिवस फिरत असतात. हंगाम संपला की हेच कुकर, पॉलिशचे ड्रम आणि वाफेच्या नळ्या गोठ्याशेजारी किंवा बांधावर आठ-नऊ महिने उभ्या राहतात. मृगाचा पाऊस येतो, पोळा जातो, दिवाळी जाते. पुढच्या हंगामात ताडपत्री काढली, की लोखंडावर तपकिरी पोपडे दिसतात. ‘थोडा गंज आलाय, घासून रंग मारू,’ असे म्हणून काम पुन्हा सुरू होते.

गंजाकडे असे केवळ रंगाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि तिथेच फसगत होते. वरून दिसणारा गंज बहुतेक वेळा कमी घातक असतो. चिखलाखाली, वॉशरखाली, सांध्याच्या फटीत, जिथे नजर आणि हवा दोन्ही पोहोचत नाहीत, तिथे लोखंड अधिक वेगाने खाल्ले जाते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी लोखंड आणि ऑक्सिजन यांच्यातील रासायनिक क्रिया पाहावी लागेल.

गंज म्हणजे काय?

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेतून तयार होणारा नवा पदार्थ म्हणजे गंज. रसायनशास्त्राच्या भाषेत तो पाण्याचे रेणू धरून ठेवलेले लोहाचे ऑक्साइड असतो. त्यामुळे गंजलेली वस्तू झिजली असे आपण म्हणत असलो, तरी सगळा गंज जागेवर राहिला तर तिचे वजन उलट वाढते. एक किलो शुद्ध लोखंडाचे पूर्ण ऑक्साइड झाले, तर ते सुमारे १ किलो ४३० ग्रॅम भरते. वाढलेले वजन हवेतून आलेल्या ऑक्सिजनचे असते आणि गंजात धरलेल्या पाण्याचे वजन त्याहून वेगळे. वस्तू हलकी होते ती गंजाचे पोपडे गळून पडतात म्हणून.

गंजाला जागाही जास्त लागते. ज्या लोखंडापासून तो तयार होतो त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत तो फुगू शकतो. गंजलेला नट जाम होतो, कडीकोयंडा अडकतो, जुन्या स्लॅबचे पोपडे पडून सळया उघड्या पडतात. या सगळ्यांमागे हेच फुगणे असते.

लोखंडाला ऑक्सिजनची एवढी ओढ का?

निसर्गात शुद्ध लोखंड क्वचितच सापडते. जमिनीतील जवळजवळ सगळे लोखंड ऑक्सिजन, गंधक किंवा इतर मूलद्रव्यांशी बांधलेले असते. हिंगोलीच्या मातीतही ते आहे. मराठवाड्याचा हा भाग ज्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे, त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. हा खडक हवा-पाण्याने कुजला की त्यातील लोह आणखी ऑक्सिजन घेते. माळावरच्या मुरुमाला तांबूस रंग येतो तो यामुळेच. माळ तांबडा दिसतो, कारण तोही एका अर्थाने गंजलेला असतो.

गडचिरोलीतील सुरजागडसारख्या ठिकाणचे लोहखनिज म्हणजे मुख्यतः लोह आणि ऑक्सिजन यांचेच संयुग. जगातील अशा मोठ्या साठ्यांपैकी अनेक साठे दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या लोहाला सूक्ष्मजीवांनी तयार केलेला ऑक्सिजन मिळू लागला आणि त्याचे थर तळाशी बसत गेले, अशी त्यांच्या निर्मितीची सर्वमान्य मांडणी आहे.

कारखान्यात या खनिजापासून लोखंड काढताना कोळसा जाळून, प्रचंड उष्णता देऊन ऑक्सिजन बाजूला करावा लागतो. म्हणजेच लोखंड हे जबरदस्तीने सोडवलेले मूलद्रव्य आहे. संधी मिळताच ते ऑक्सिजनकडे परत जाते आणि जाताना उष्णता बाहेर टाकते. एक किलो लोखंडाचे पूर्ण ऑक्साइड होताना निघणारी उष्णता वीस लिटरहून जास्त पाणी उकळीला आणू शकेल एवढी असते. मात्र पत्रा गंजताना तो तापलेला जाणवत नाही, कारण ही उष्णता काही मिनिटांत न निघता कित्येक वर्षांत विखरून जाते. थंड प्रदेशात हात शेकण्यासाठी मिळणाऱ्या पुड्यांत बारीक लोखंडी भुकटी, थोडे मीठ आणि ओलावा असतो. पुडी उघडली की भुकटी भराभर गंजते आणि हाताला ऊब लागते. गंज तोच असतो, वेग तेवढा वेगळा.

ही क्रिया उलटीही फिरवता येते. देशभरातील रुळांप्रमाणे पूर्णा-अकोला लोहमार्गावरही रुळांचे सांधे जोडण्यासाठी थर्मिट वेल्डिंग वापरले जाते. त्यात लोहाचे ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र पेटवतात. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षाही जास्त असल्याने ते ऑक्साइडमधून ऑक्सिजन हिसकावून घेते. तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जाते आणि वितळलेले लोखंड दोन रुळांच्या फटीत उतरते.

हवा असूनही कोरडे लोखंड का गंजत नाही?

शाळेत तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. एका नळीत खिळे, पाणी आणि हवा. दुसरीत उकळून हवा काढलेले पाणी आणि वर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा. काही दिवसांनी फक्त पहिल्या नळीतले खिळे गंजतात. नुसता ऑक्सिजन पुरत नाही आणि नुसते पाणीही पुरत नाही. दोन्ही एकाच वेळी लागतात.

पाणी लागते, कारण गंजणे ही विजेची क्रिया आहे. ओल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म बॅटऱ्या तयार होतात. एका ठिकाणी लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूमधून दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना उचलतो. पाण्यात उतरलेल्या लोहाची पुढे ऑक्सिजन आणि पाण्याशी गाठ पडते आणि तपकिरी गंज खाली बसतो. पाण्याची फिल्म नसेल तर या बॅटरीचे मंडल पूर्ण होत नाही.

यासाठी पाऊसच पडायला हवा असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसू लागतो. उन्हाळ्यात हिंगोलीच्या कोरड्या हवेत महिनोन्महिने उघडे पडलेले लोखंड फारसे बदलत नाही आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याचा रंग पालटतो, याचे कारण हेच. थंडीतील पहाटेचे दवही तेवढेच काम करते.

मीठ आणि खते या क्रियेला वेग देतात. पाण्यात क्षार विरघळले की त्यातून वीज सहज वाहते. शिवाय अनेक खते हवेतला ओलावा शोषून घेतात. पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीत, विशेषतः पोटॅशसारखे क्लोराइड असलेले खत शिल्लक राहिले, तर पाऊस न पडताही पेटीचा तळ ओला राहतो. बियाण्याच्या पेटीपेक्षा खताची पेटी आधी सडते ती यामुळे.

जिथे हवा कमी, तिथे लोखंड जास्त का खाल्ले जाते?

या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सहजासहजी न पटणारी गोष्ट हीच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी स्वच्छ लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून निरीक्षणे केली. थेंबाच्या कडेला पाणी उथळ असते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे लगेच पोहोचतो. मध्यभागी पाणी खोल असते, तिथे तो कमी पोहोचतो. ऑक्सिजनमुळेच लोखंड गंजत असेल तर कडा आधी खाल्ली जायला हवी, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटे घडले. लोखंड विरघळत होते ते थेंबाच्या मधोमध.

याचे उत्तर त्या सूक्ष्म बॅटरीत आहे. ऑक्सिजन जिथे भरपूर असतो ती जागा इलेक्ट्रॉन घेणारी बनते. ते इलेक्ट्रॉन पुरवण्याचे काम ऑक्सिजन कमी असलेल्या जागेवर येते आणि तिथले लोखंड विरघळू लागते. देणारी जागा लहान आणि घेणारी जागा मोठी असेल तर परिणाम आणखी वाईट होतो. सगळी झीज त्या छोट्या ठिकाणी एकवटते आणि तिथे खड्डा पडतो. गंज मात्र साचतो खड्ड्याच्या तोंडाशी. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला एक छोटी तपकिरी टिकली दिसते आणि तिच्याखाली पत्रा अर्धा संपलेला असू शकतो.

शेतात अशा जागांना तोटा नाही. ट्रॉलीच्या कोपऱ्यात वाळलेला चिखल, नांगराच्या फाळामागे चिकटलेली काळी माती, पत्र्याच्या छतावर स्क्रूच्या वॉशरखाली अडकलेला ओलावा, जमिनीत गाडलेल्या खांबाची मातीच्या पातळीवरची कड. कुंपणाचा लोखंडी खांब बहुतेक वेळा जमिनीलगतच मोडतो, वर नाही. सिद्धेश्वर किंवा इसापूरसारख्या धरणांच्या लोखंडी दरवाज्यांवरही पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते त्या पट्ट्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. तिथे ओलावा आणि हवा दोन्ही आलटून पालटून मिळत राहतात.

हळदीच्या कुकरमध्ये धोका कुठे असतो?

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि जिल्ह्याचे अर्थकारण या पिकाभोवती फिरते. पूर्वी हळद उघड्या काहिलीत शिजवत. आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. पाण्याच्या टाकीखाली जाळ करतात, वाफ नळीतून ड्रममध्ये जाते आणि कंद शिजतात. उघडी काहील गंजून गळू लागली तर पाणी सांडेल आणि नुकसान तेवढ्यावर थांबेल. वाफ कोंडणारी टाकी मात्र दाब सहन करत असते. टाकीच्या पत्र्यावर येणारा ताण जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी निम्मी झाली की तोच दाब दुप्पट ताण देतो.

हंगाम संपल्यावर टाकीच्या तळाशी थोडे पाणी राहते. त्यात क्षार आणि गाळ असतो. बाहेरून जाळाच्या बाजूला राख साचलेली असते. राखेत क्षार असतात आणि ती ओलावा धरून ठेवते. म्हणजे तळाचा पत्रा आतून गाळाने आणि बाहेरून ओल्या राखेने झाकलेला राहतो. हवा कमी, ओलावा सतत आणि क्षार भरपूर. इव्हान्स यांच्या थेंबाखालील परिस्थिती आठ महिने टिकवून धरावी तशी ही अवस्था. त्यावर बाहेरून रंगाचा एक हात मारला, तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

म्हणून हंगाम संपताना तीन कामे महत्त्वाची ठरतात. टाकी पूर्ण रिकामी करून आतून वाळवणे, राख आणि गाळ खरवडून काढणे, आणि कुकर जमिनीला न टेकता, छपराखाली, हवा खेळेल असा ठेवणे. हंगाम सुरू होताना सुरक्षा झडप मोकळी आहे का, हे पाहणे अत्यावश्यक असते, कारण झडपही गंजून जाम होऊ शकते. टाकीची चाचणी जाणकाराकडून पाण्याचा दाब देऊन करून घ्यावी. हवा किंवा वाफ भरून चाचणी करणे धोक्याचे असते. पाणी दाबले जात नसल्याने टाकी फुटली तरी पाणी गळते. कोंडलेली हवा किंवा वाफ मात्र फुटताना पत्र्याचे तुकडे उडवते. गळतीच्या जागी वेल्डिंगचे ठिगळ लावण्याआधी आजूबाजूच्या पत्र्याची जाडी तपासली नाही, तर ठिगळ टिकते आणि शेजारचा पत्रा फाटतो.

पत्र्यावरचे जस्त आणि डब्यावरचे कथील यांत फरक काय?

छताच्या पत्र्याला गावाकडे ‘टीन’ म्हणतात, पण त्यावर टीन म्हणजे कथील नसते. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. हा फरक नावापुरता नाही. जस्ताला इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई लोखंडापेक्षा जास्त असते. पत्र्यावर ओरखडा पडून आतले लोखंड उघडे झाले, तरी आजूबाजूचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. जस्त संपेपर्यंत हे संरक्षण टिकते.

खाद्यपदार्थांच्या लोखंडी डब्यांना आतून कथिलाचा पातळ थर देतात. कथील स्वतः सहसा गंजत नाही, पण बाहेरच्या हवेत ते लोखंडासाठी जस्तासारखा त्याग करत नाही. अशा डब्याला बाहेरून चरा पडला, की आतले लोखंड देणाऱ्याच्या भूमिकेत जाते आणि चऱ्याच्या जागी वेगाने गंजते. म्हणून पत्र्याचा ओरखडा काही वर्षे खपून जातो, डब्याचा खपत नाही.

रंग, ग्रीस किंवा तेल यांचे काम वेगळे आहे. ते पाणी आणि हवा यांना लोखंडापर्यंत येऊ देत नाहीत. बिडाच्या तव्यावर तेल तापवून बसवलेला काळा थरही याच कामाचा. मात्र रंग सैल गंजावर मारला तर तो गंजाला चिकटतो, लोखंडाला नाही. पोपडा निघतो तेव्हा रंगही सोबत जातो.

‘लायगो’च्या नळ्या गंजणार नाहीत का?

औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे, एकमेकांशी काटकोनात असलेले दोन बाहू असतील. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील अशाच वेधशाळांत हे बाहू म्हणजे सुमारे १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या आहेत. त्यांच्या भिंतीची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. आतली हवा इतकी काढून घेतलेली असते, की दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका उरतो. लेसर किरणाच्या वाटेत हवेचे रेणू येऊ नयेत म्हणून ही खटपट.

अशा भिंतीला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी सगळे बिघडते. म्हणून तिथे साधे लोखंड न वापरता स्टेनलेस स्टील वापरले गेले. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. घरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्यांतही हेच प्रमाण आढळते. क्रोमियम ऑक्सिजनशी लोखंडाहून लवकर जोडले जाते. त्याचे ऑक्साइड पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, घट्ट आणि पारदर्शक थर बनवते. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन हा थर आपोआप भरून येतो. म्हणजे स्टेनलेस स्टीलही ऑक्सिजनशी क्रिया करतेच. फरक एवढाच, की त्याची साल घट्ट असते आणि गंजाची साल भुसभुशीत. घट्ट साल पुढची वाट बंद करते, भुसभुशीत साल ओलावा धरून वाट मोकळी ठेवते.

दिल्लीतील सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या लोहस्तंभाचे रहस्यही सालीतच आहे. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले, की त्या लोखंडातील फॉस्फरसच्या जास्त प्रमाणामुळे त्यावर संरक्षक थर तयार झाला. दिल्लीच्या तुलनेने कोरड्या हवेनेही त्याला साथ दिली.

तरीही स्टेनलेस स्टील अजिंक्य नाही. क्लोराइडयुक्त ओलावा फटीत अडकला, तिथे ऑक्सिजन पोहोचला नाही, की साल भरून येत नाही आणि सूक्ष्म खड्डे पडतात. वेल्डिंगच्या सांध्यांजवळ ही भीती अधिक असते. ‘लायगो’च्या नळीत आतल्या बाजूला गंजायला हवाच नसेल, बाहेरच्या बाजूला मात्र हिंगोलीचा पावसाळा असेल. या दोघांमध्ये तीन मिलिमीटरची भिंत. पुढच्या पिढीच्या वेधशाळांसाठी खर्च कमी करायला साधे पोलाद वापरता येईल का, याचा अभ्यास जगभर सुरू आहे आणि त्यातही बाहेरून येणारा गंज हा एक कळीचा प्रश्न आहे.

पूल, पुतळे आणि घरांचे काय?

१५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी पुलावर पर्यटकांची मोठी गर्दी होती. पूल गंजलेला आणि धोकादायक होता, हे दुर्घटनेनंतर चर्चेत आले. त्याआधी २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला होता. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या तांत्रिक समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे नोंदवल्याचे समोर आले. दोन्ही घटनांत गंज एकटा दोषी नव्हता. पण गंजाने आधीच वाटा कमी केलेल्या लोखंडावर गर्दीचा किंवा वाऱ्याचा भार पडला, की ते अचानक दगा देते.

घराच्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते, कारण चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यात सळईवर संरक्षक थर बसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू काँक्रीटमध्ये शिरून ही अल्कता कमी करतो. सळईवर काँक्रीटचे आवरण कमी असेल, तर तो तिथे लवकर पोहोचतो. मग सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. स्लॅब टाकताना सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवण्याचा आग्रह याचसाठी असतो. त्याचा खर्च नगण्य, पण तो टाळला तर पंधरा-वीस वर्षांनी छताचे पोपडे खाली झोपलेल्यांवर पडतात.

बंद टाकीत उतरणे धोक्याचे का?

गंज लोखंड खातो तसा ऑक्सिजनही खातो. खाद्यपदार्थांच्या पाकिटात ‘खाऊ नये’ असे लिहिलेली जी छोटी पुडी असते, त्यांपैकी अनेक पुड्यांत लोखंडाची भुकटी असते. ती गंजून पाकिटातला ऑक्सिजन संपवते आणि माल टिकतो. हेच मोठ्या टाकीत घडले तर जिवावर बेतू शकते.

हजार लिटरच्या बंद, ओलसर लोखंडी टाकीतील सगळा ऑक्सिजन संपवायला साधारण ६५० ग्रॅम लोखंड गंजणे पुरेसे असते. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की काम करणे असुरक्षित मानतात. तो दहा टक्क्यांच्या खाली घसरला की माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि त्याआधी गुदमरल्यासारखेही वाटत नाही, कारण शरीराला घुसमट जाणवते ती कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. या हवेला वास नसतो, रंग नसतो. एक जण कोसळला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही कोसळतो. म्हणून बरेच दिवस बंद असलेल्या लोखंडी टाकीत, टँकरमध्ये किंवा बॉयलरमध्ये झाकणे उघडून, पंख्याने भरपूर हवा खेळवल्याशिवाय आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय कोणीही उतरू नये. आत कोणी पडलेला दिसला तर मागोमाग उडी न मारता आधी बाहेरून हवा सोडावी आणि मदत बोलवावी.

गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो का?

गंजामुळे धनुर्वात होत नाही. तो होतो क्लॉस्ट्रिडियम टेटनी या जिवाणूमुळे. त्याचे बीजाणू माती आणि शेणात असतात. हे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतात आणि खिळ्याची खोल, अरुंद जखम त्यांना तशी जागा देते. जमिनीत पडलेला खिळा गंजतोही आणि त्याला मातीही लागते, म्हणून दोघांचे नाव जोडले गेले. चकचकीत नव्या खिळ्याने किंवा बाभळीच्या काट्यानेही हा धोका असतो. त्यामुळे खिळा गंजका होता की नाही हे न पाहता जखम वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना लगेच विचारावे.

मग करायचे काय?

गंजाला लोखंड, ऑक्सिजन आणि ओलावा हे तिघेही लागतात. लोखंड तर ठेवायचेच आहे आणि शेतात ऑक्सिजन थांबवता येत नाही. हातात राहतो तो ओलावा आणि त्यावर बसलेली साल. अवजार वापरून झाले की माती काढून, धुऊन, वाळवून तेलाचा हात फिरवणे हा पावसाळ्याआधीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. खताच्या पेटीत एक मूठही खत राहू देऊ नये. रंग देण्याआधी तारेच्या ब्रशने सैल गंज पूर्ण काढावा आणि आधी गंजरोधक प्रायमर लावावा. छताच्या पत्र्यावर पालापाचोळा साचू देऊ नये. जस्ताच्या पत्र्यावर तांब्याची तार किंवा भांडे टेकवून ठेवू नये, कारण दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की त्यांची बॅटरी बनते आणि त्यात झिजतो तो पत्रा.

आणि जिथे माणसांचा जीव त्या लोखंडावर अवलंबून असतो, म्हणजे वाफेची टाकी, पाण्याच्या टाकीची शिडी, झोक्याची कडी, ओढ्यावरचा साकव, तिथे रंग पाहून निर्णय घेऊ नये. हातोडीने हलके ठोकल्यावर चांगला पत्रा खणखणीत वाजतो आणि खंगलेला बद्द वाजतो, हा अनुभवी कारागिरांचा पहिला अंदाज असतो. पक्के उत्तर जाडी मोजूनच मिळते. गंजाचे काम संथ असते, त्यामुळे तपासायला वेळ भरपूर मिळतो. यंदाची शिजवणी आटोपून कुकर छपराखाली लावण्याचा दिवस हाच त्या तपासणीचा सर्वांत सोयीचा मुहूर्त आहे.